जांभळ्या शाईतली त्रेचाळीस नावं

नोकरी लागली म्हणून मी या शहरात आले आणि ‘दोन महिन्यांत खोली बघते’ असं सांगून आत्याकडे उतरले. त्याला आता सात वर्षं झाली. खोली मी अजून बघतेच आहे. या सात वर्षांत माझे चार टॉवेल, एक पांढरा शर्ट आणि बेसिनचा मूळ रंग आत्याच्या नादापायी बळी गेले, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी तिच्याविषयी मायेने बोलायला लागले, तर ही भाची भोळी आहे असं कुणाला वाटायला नको.

आत्याला शाईच्या पेनांचा नाद आहे. एखादं चांगलं पेन खिशाला लावलं की भागलं, असला नाद नव्हे. एकतीस पेनं आहेत. एका दाताच्या डॉक्टरने टाकून दिलेला स्टीलचा ट्रे तिने मागून आणलाय. त्यात ती ओळीने झोपलेली असतात आणि प्रत्येकाखाली चिठ्ठी: कुठली शाई, कधी भरली, निब कशी चालते. बाटल्या स्वयंपाकघरातल्या कपाटात. त्या कपाटात पूर्वी कपबश्या असायच्या असं म्हणतात. मी काही तो काळ पाहिलेला नाही. फ्रिजवर मी ‘दूध संपलंय’ अशी चिठ्ठी लावली तर खाली हिरव्या शाईत उत्तर येतं, ‘पाहिलं. हे बॉलपेन कुठून आलं घरात?’

रविवारी सकाळी पेनांची अंघोळ असते. आधी पेनांची, मग माझी. एकेकाचं टोपण काढायचं, निब सोडवायची, कोमट पाण्यात बुडवायची, पाणी नितळ येईपर्यंत खळबळून घ्यायची, मग टीपकागदावर उताणी ठेवायची. घाई केलेली चालत नाही. मी बाहेरून दार वाजवलं की आतून आवाज येतो, ‘थांब गं, अजून निळं येतंय!’

लोक तिच्याकडे बिघडलेली पेनं घेऊन येतात. कुणाची निब आपटून वाकलेली, कुणाची कागद ओरबाडणारी. ती डोळ्याला भिंग लावते, निबची चीर बघते, नखाने टोक किंचित इकडचं तिकडे करते, आणि मग अगदी मऊ पॉलिश पेपरवर आठाचे आकडे काढत निब घासते. चार आकडे काढले की थांबते, लिहून बघते, पुन्हा दोन. जास्त घासायला तिचा हात धजत नाही. घासून गेलेलं परत चिकटवता येत नाही, असं तिचं म्हणणं. एकदा तर तिने माझं डोकं धरून कान टेबलाला लावला होता.

‘ऐक. डावीकडे वळताना कुरकुरतेय.’

‘मलाही कुरकुरायचंय आत्या, माझी आठची बस आहे.’

‘शू! पुन्हा ऐक.’

बस चुकली. निब मात्र सुधारली.

आत्याने लग्न केलं नाही. बत्तीस वर्षं तिने नर्सिंग शिकवणाऱ्या एका संस्थेत नोकरी केली आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाली. नाकावर माशी बसू देत नसे. कुणाच्या कागदावर खाडाखोड दिसली की ही तिथे हजर, म्हणून ऑफिसातले लोक पाठीमागे तिला ‘टीपकागद’ म्हणायचे. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही. संस्थेतून पास होणाऱ्या मुलींची प्रमाणपत्रं हाताने लिहायची पद्धत होती आणि एकोणीस वर्षं ते काम तिच्याकडे होतं. जाड, किंचित पिवळसर कागद, भोवती छापील नक्षी, मध्ये दोन रिकाम्या जागा: एक नावाची, एक श्रेणीची. तिचं अक्षर मी काय वर्णावं! साधं वाणसामान लिहिलं तरी ते फाडून टाकायला जीव होत नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात सांगितलं होतं की या बाईंच्या फायलीत बत्तीस वर्षांत एकही शेरा नाही. ते वाक्य आत्याने मला निदान चाळीस वेळा ऐकवलंय.

गेल्या वर्षी एका शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात अडतीस-चाळीसची बाई, खांद्याला मोठी पिशवी, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकट.

‘मॅडम, ओळखलंत?’

आत्याने चष्मा वर केला, खाली केला. नाही ओळखलं. बाईने पूर्ण नाव सांगितलं, तेव्हा आत्या एकदम फुलली. ‘अगं, तुझ्या आडनावात दोन जोडाक्षरं! ओळ संपायच्या आत बसवताना माझी कोण तारांबळ उडाली होती. ये, ये.’ चेहरे विसरून जोडाक्षरं लक्षात ठेवणारी दुसरी व्यक्ती मी पाहिलेली नाही.

बाई एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स होती. बसली, पाणी प्यायली, आणि वर्तमानपत्र सोडून चौकट तिने आत्याच्या मांडीवर ठेवली. काचेखाली संस्थेचं प्रमाणपत्र होतं. नक्षी जागेवर, शिक्का जागेवर, साहेबांची काळी सही ठणठणीत. नावाच्या जागी काही नाही. श्रेणीच्या जागीही काही नाही. कुणीतरी, कुठल्यातरी श्रेणीत, अभ्यासक्रम पूर्ण केला होता.

‘माझीच चूक झाली मॅडम,’ नर्स म्हणाली. ‘हौसेने भिंतीवर लावलं आणि नेमकं उन्हाच्या. रोज डोळ्यासमोर, म्हणून कळलंच नाही कधी फिकं होत गेलं ते. आता मुख्य नर्सच्या जागेसाठी माझं नाव आहे आणि पुढच्या महिन्याच्या पंचवीस तारखेला मूळ कागद तपासणार आहेत. संस्थेत गेले तर म्हणाले, अर्ज टाका, बघू. म्हटलं, ज्यांनी लिहिलं त्यांनाच विचारावं. तुम्ही सुंदर लिहिलं होतंत, मी नीट जपलं नाही. रागावू नका.’

आत्या रागावली नाही. चौकटीवरून नुसतं बोट फिरवत राहिली. मग ‘ठेवून जा, बघते,’ एवढंच म्हणाली. चहाही विचारला नाही तिने. मीच मध्ये पडून दोन शब्द बोलले आणि नर्सला खालपर्यंत सोडून आले.

वर आले तर टेबलावर जुनी वही उघडी होती. आत्या नवी शाई घेतली किंवा बनवली की तिचा एक फराटा त्या वहीत ओढते, खाली तारीख आणि प्रमाण लिहिते. समोरच्या पानावर एक जांभळा रंग होता. काय रंग! ताज्या वांग्याच्या सालीवर उजेड पडावा तसा. खाली लिहिलेलं: निळी दोन भाग, लाल एक, हिरवे दोन थेंब.

‘हीच,’ आत्या म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. पंधरा वर्षांपूर्वी तिने एक पेन घेतलं होतं. आयुष्यातलं पहिलं खरोखरचं चांगलं पेन. त्याच वर्षी ऑफिसने प्रमाणपत्रांसाठी पक्क्या काळ्या शाईची नवी बाटली आणली. घट्ट, फिनाइलसारखा वास, निबवर खपली धरणारी. साहेबांचा हुकूम होता, प्रमाणपत्रं ऑफिसच्या शाईतच लिहायची. पण ती शाई नव्या पेनात भरायला आत्याचा हात होईना. भरली की पेन तुंबणार, नाहीतर आतून खराब होणार. म्हणून तिने घरी साध्या, पातळ शायांचं मिश्रण केलं आणि त्या वर्षीच्या सगळ्या मुलींची नावं त्यात लिहून काढली. साहेबांच्या सह्या आधीच झालेल्या, त्यामुळे त्यांना पत्ता लागला नाही. पुढच्या वर्षी साहेब बदलले, त्यांनी रंगीत अक्षर पाहून नाक मुरडलं, आणि आत्या जुन्या टाकाने काळ्या शाईत लिहायला लागली. विषय संपला.

‘सगळ्या मुली म्हणजे किती?’ मी विचारलं.

‘त्रेचाळीस.’

‘पण तुला काय माहीत ती उन्हात लावेल म्हणून?’

‘तेच तर. मी धरून चालले की कागद फायलीत राहणार. कुणी चौकट करून भिंतीवर लावेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एवढं शिकून पास झालेल्या पोरी, त्या भिंतीवर नाही लावणार तर काय करणार?’ तिने वही मिटली. ‘मी पेन जपलं गं. कागद नाही जपला.’

मी व्यवहारी माणूस आहे. म्हटलं, ‘आत्या, ती स्वतःच म्हणतेय उन्हाने झालं. खोटं काय त्यात? उन्हानेच झालंय. तू संस्थेत शब्द टाक, तिचं काम करून दे, मिटलं. बाकीच्या बेचाळीस जणींनी विचारलंय का तुला?’

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने भांडी घासायला गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पेनांची अंघोळ झाली नाही. बेसिन कोरडं, टॉवेल स्वच्छ. मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू यायचं बाकी राहिलं. आत्याने वहीतल्या त्या पानाची एक पट्टी कापली, अर्धी पुठ्ठ्याने झाकली आणि खिडकीत, काचेला टेकवून ठेवली. शेजारी तशीच एक पट्टी पक्क्या काळ्या शाईची. दहाव्या दिवशी पुठ्ठा काढला. झाकलेला भाग वांग्यासारखा जांभळा, उघडा भाग चहा सांडून पुसल्यासारखा. काळी पट्टी होती तशी.

‘नऊ दिवस,’ आत्या म्हणाली. ‘पंधरा वर्षांपूर्वी नऊ दिवस थांबले असते तर पुरलं असतं.’

त्या दिवशी तिने ते पंधरा वर्षांपूर्वीचं पेन ट्रेमधून काढलं, त्यात पक्की काळी शाई भरली आणि संस्थेला पत्र लिहायला बसली. मी बघत होते. पेन तुंबलं तर तुंबू दे, असा तिचा चेहरा. तुंबलं नाही, हे वेगळंच. पंधरा वर्षं जिची भीती बाळगली, ती शाई त्या पेनातून मुकाट उतरत होती, आणि त्यामुळे आत्याला जास्तच लागलं.

संस्थेत मी बरोबर गेले, रजा टाकून. आत्याच्या हाताखाली शिकलेला ज्युनियर आता रजिस्ट्रार झालाय. गोल चेहऱ्याचा, सगळ्यांना सांभाळून घेणारा माणूस. त्याने उभं राहून खुर्ची दिली, पत्र वाचलं, आणि दार लावून घेतलं.

‘मॅडम, हे कशाला लेखी? त्या नर्सबाईंचं मी या आठवड्यात करून देतो. नवीन प्रमाणपत्र छापून, शिक्का मारून. बाकीच्यांचं ज्याचं उडालं असेल तो येईल की. आपण होऊन कशाला उकरून काढायचं?’

‘येईल कधी? ज्या दिवशी कागद लागेल त्या दिवशी. आणि दोन दिवसांत तुम्ही देणार आहात का? नर्सबाई आली तर अर्ज टाका, बघू, म्हणालात.’

रजिस्ट्रारने खिडकीबाहेर पाहिलं.

‘त्रेचाळीस जणींना कळवायचं,’ आत्या म्हणाली. ‘जुन्या रजिस्टरात पत्ते आहेत. पत्रं मी लिहिते. तुम्ही फक्त छापून द्यायची तयारी ठेवा. आणि माझ्या फायलीत शेरा मारा.’

‘मॅडम! तुम्ही निवृत्त झालात त्याला सहा वर्षं झाली. शेरा कुठे मारू?’

‘शेवटच्या पानावर जागा आहे. मला माहीत आहे, ते पान मीच लावलंय.’

तो हसला, मग हसू आवरलं, कारण समोरचं माणूस हसत नव्हतं. शेवटी तयार झाला, पण त्याचीही एक अट होती, आणि ती त्याने बोट वर करून सांगितली: जुन्या प्रमाणपत्रांवर कुणीही आता टिंबसुद्धा द्यायचं नाही. उडालेलं नाव पुन्हा हाताने लिहिणं म्हणजे कागदपत्रात फेरफार. जुनं परत घ्यायचं, रद्दचा शिक्का मारायचा, नवं छापील द्यायचं. आत्याने मान डोलावली. तिला आयुष्यभर हेच तर शिकवायचं होतं लोकांना.

येताना ती बसमध्ये म्हणाली, ‘हुशार निघाला. मीच तयार केलाय.’ आणि मग खूप वेळाने, ‘छापील देणार आता.’ माझं काम दिवसभर कॉम्प्युटरवरचं, त्यामुळे छापीलची बाजू घ्यायची मला खुमखुमी आली होती. पण त्या वेळी मी तोंड उघडलं नाही.

नर्सला तिचं नवं प्रमाणपत्र वेळेत मिळालं. ती पेढ्यांऐवजी पेरू घेऊन आली, कारण हॉस्पिटलच्या आवारात झाड आहे म्हणे. आत्याने तिला समोर बसवून सगळी चूक कबूल केली, एकही सबब न सांगता. मला वाटलं आता बाई भडकणार. तिने कपाळावर हात मारला. ‘अहो मॅडम, मी गेले महिनाभर नवऱ्याला घालूनपाडून बोलतेय! तो खिळा त्याने ठोकला होता ना उन्हाच्या भिंतीवर! आता घरी जाऊन काय तोंड दाखवू?’ आत्या त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

मग पत्रं. त्रेचाळीसातली नर्स एक गेली, राहिली बेचाळीस. प्रत्येक पत्र हाताने, पक्क्या शाईत, पूर्ण पानभर. ‘तुमच्या प्रमाणपत्रावरचं नाव फिकं झालं असेल तर दोष उन्हाचा किंवा तुमचा नाही, माझा आहे,’ अशी सुरुवात. मी म्हटलं, आत्या, एकच मजकूर आहे, मी छापून देते, तू खाली सही कर. ती म्हणाली, ‘नाव घालवलं हाताने आणि माफी मशीनने मागू?’ मी पाकिटं डकवली. जिभेला आठवडाभर डिंकाची चव होती.

उत्तरं यायला लागली. बऱ्याच जणींचं अर्धवट फिकं झालं होतं, त्यांनी कागद बदलून घेतले. पाचसहा जणींची पत्रं पत्ता बदलला म्हणून परत आली. त्यांचा माग काढायला नर्सनेच मदत केली, जुन्या मैत्रिणींना फोन करकरून. एकीने कळवलं की तिचा कागद ट्रंकेच्या तळाशी होता, नाव अजून जांभळंजर्द आहे आणि ती तो मुळीच परत करणार नाही, काय करायचं ते करा. ते पत्र आत्याने दोनदा वाचलं आणि उशीखाली ठेवलं. तिला वाटतं मला माहीत नाही.

असे तीन महिने गेले. आत्याच्या यादीत एकाच नावापुढे खूण नव्हती. पत्र परतही आलं नव्हतं, उत्तरही नव्हतं. पुन्हा लिहावं का, या विचारात ती होती, तेवढ्यात एका सकाळी दारात म्हातारे गृहस्थ उभे. गळ्यात मापाची टेप तशीच राहिलेली, काखेत अस्तराच्या कापडात गुंडाळलेली चौकट.

‘पत्र लिहिणाऱ्या बाई इथेच राहतात का?’

ते शिंपी होते. आत आले, खुर्चीच्या कडेवर बसले. माझ्या खांद्यांकडे एकदा पाहिलं. बहुतेक शर्टाचं माप मनात घेऊन झालं. चौकट मात्र सोडेनात.

‘पत्र माझ्या मुलीच्या नावाने आलं,’ ते म्हणाले. ‘ती नाही. अकरा वर्षं झाली. चार वर्षं नोकरी केली आणि मग आजारपणात गेली. अकरा वर्षांत तिच्या नावाने काही आलं नव्हतं घरी. पोस्टमनने हाक मारली ती तिच्या नावाने. मला दाराशी जाववेना. पत्र कितीतरी दिवस फोडलंच नाही.’

आत्याने हात जोडल्यासारखे मांडीवर धरले होते.

‘माझं मशीन खिडकीशी असतं. सुई ओवायला उजेड लागतो. समोरच्या भिंतीवर हे. शिवताना मान वर केली की नाव दिसायचं. मग दिसायला कमी झालं. मला वाटलं, डोळे गेले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, काढू. म्हटलं, काढा, मला वाचायचंय. काढला. घरी आलो तर सुईचं भोक दिसतंय, भिंतीवरची मुंगी दिसतेय, नाव दिसत नाही.’ त्यांनी टेप गळ्यातून काढून हातात गुंडाळली. ‘कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? मला वाटलं, माझंच डोकं चळलं. मीच विसरायला लागलो तिला. तीन वर्षं बाई. तीन वर्षं असंच वाटत होतं. मग तुमचं पत्र फोडलं. शाई उडाली म्हणून लिहिलंय तुम्ही.’

‘हो,’ आत्या म्हणाली. ‘शाई उडाली. माझ्यामुळे. तुमचे डोळे नाहीत, तुमचं डोकं नाही. माझ्यामुळे.’

मला त्या क्षणी त्या जांभळ्या रंगाचा, त्या वहीचा, त्या एकतीस पेनांचा इतका राग आला की सगळा ट्रे उचलून फेकावा. आणि आत्याचा राग काही केल्या येईना.

म्हातारे गृहस्थ थोडं पुढे सरकले. ‘मग लिहून द्या.’

आत्याने समजावलं. संस्था नवं प्रमाणपत्र देईल, नाव छापलेलं, शिक्क्यासकट, आजच फोन करते.

‘ते नको. त्या कागदाला तिचा हात लागलेला नाही,’ ते म्हणाले. ‘तिला आता नोकरी नाही करायची. याच्यावर लिहा.’

रजिस्ट्रारचं वर केलेलं बोट माझ्या डोळ्यासमोर होतं. मी आत्याला खूण केली. तिने पाहिली. मग ती उठली आणि टेबलावरचं सगळं बाजूला सारलं.

‘फायलीत एक शेरा आहेच,’ ती मला म्हणाली. ‘दुसरा मारू देत.’

चौकटीच्या मागचे बारीक खिळे तिने पट्टीने उचलले, काच काढली, कागद टेबलावर घेतला. नाव यादीत होतं, तरी शिंप्यांना विचारलं, पूर्ण नाव काय? त्यांनी सांगितलं. छोटंसं नाव होतं, जोडाक्षर एकही नाही. आत्या पक्क्या काळ्या शाईचं पेन उघडून टेकवणार एवढ्यात थांबली. कागद उचलून खिडकीशी आडवा, डोळ्याच्या रेषेत धरला. मग भिंग लावलं. मग मला बोलावलं.

जाड कागद होता. रंग गेला होता, पण पंधरा वर्षांपूर्वी निबने दाबलेली वळणं कागदात तशीच होती. तिरप्या उजेडात, अगदी बारीक, एकेक अक्षर. म्हाताऱ्यांनाही दाखवलं. ते वाकले, इतके की नाक कागदाला लागलं. त्यांच्या ओठांनी ते नाव आवाज न करता म्हटलं.

‘होतं की,’ ते म्हणाले. ‘इथेच होतं.’

आत्या पाऊण तास बसली होती. भिंगातून बघून, आपल्याच जुन्या वळणात निब घालून, एकेक रेघ. नवीन काही लिहिलं नाही तिने. नाव झालं, मग श्रेणी. प्रथम श्रेणी होती. वाळेपर्यंत तिघांपैकी कुणी हललं नाही.

शिंप्यांनी खिशातून चष्मा काढला, पण लावला नाही. हात लांब करून कागद धरला आणि मोठ्याने वाचलं, पहिल्या अक्षरापासून शिक्क्यापर्यंत. काच बसवून झाली, अस्तर गुंडाळून झालं, तरी ते दारात घुटमळत राहिले.

‘आता कुठे लावू बाई? कपाटात ठेवू का? अंधारात?’

‘नाही,’ आत्या म्हणाली. ‘मशीनसमोर लावा. उन्हात.’